दीडशे डॉलरच्या आतला मॉनिटर

बुधवार, ६ सप्टेंबर. सकाळी ७.१०

नवी वही, नवी सुरुवात. आधीची रोजनिशी प्रोपेन कंपनी दरवर्षी फुकट द्यायची. एकतीस वर्षं त्यांचा टँकर चालवला. मार्चमध्ये कंपनी विकली गेली, तेव्हा रोजनिशीही गेली. ही वही औषधांच्या दुकानातून आणली आहे. रेघा इतक्या फिकट छापल्यात की असून नसून सारख्याच. जाड मार्करने लिहितो आहे, कारण बॉलपेनचं अक्षर हल्ली उठत नाही. शाईत पाणी घालत असावेत.

ही वही कोणी वाचायची नाही. बायकोला, मार्लिसला, तसं सांगितलं. ती बरं म्हणाली.

मुख्य मुद्दा. काल सासूबाईंनी जेवताना जाहीर केलं की २८ नोव्हेंबरला उजव्या खांद्याचं ऑपरेशन. वय अठ्ठ्याऐंशी. डॉक्टर म्हणाले, त्यानंतर लाटणं विसरा. म्हणजे थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी चर्चच्या तळघरात त्या लेफ्से लाटतील, त्या शेवटच्या. बटाट्याच्या या पोळ्या आमच्या टॅमरॅक फॉल्स गावात घरोघरी होतात, पण सासूबाईंसारख्या, म्हणजे आर्डिस क्वामींसारख्या, कोणाच्या नाहीत. त्यांची लेफ्से वर्तमानपत्रावर पसरली की खालची बातमी वाचता येते. हीच त्यांची परीक्षा. वाचता आली नाही तर ती बाजूला ठेवून दुसरी लाटायची.

मार्लिस चाळीस वर्षं माप विचारते आहे. उत्तर एकच, पीठ सांगतं. म्हणून तिला या वेळचा व्हिडिओ हवा आहे. हात दिसले पाहिजेत, पीठ दिसलं पाहिजे. म्हणाली, फोनवर घे. मी समजावलं की फोन हा फोन असतो. माझ्याकडे खराखुरा कॅमेरा आहे, टीव्ही स्टेशन बंद पडलं तेव्हा लिलावात घेतलेला. दोष एकच. त्याचा पडदा काड्यापेटीएवढा आणि मुळातच धूसर, फोकस झालाय की नाही ते कळत नाही. कारखान्यातली चूक. उपाय सोपा आहे: बाहेरून जोडायचा मोठा मॉनिटर. बजेट दीडशे डॉलर.

यावर मार्लिस काहीतरी बोलणार होती, मग बोलली नाही. चार जुलैला बटाट्याच्या सॅलडमध्ये मिठाऐवजी साखर पडली. त्याला बरणीवरचं लेबल जबाबदार होतं. त्यावरून सगळ्यांनी मला एकच शब्द ऐकवला. तेव्हाच मी बजावलंय की तो शब्द या घरात पुन्हा कोणी उच्चारायचा नाही. तिने तसं वचन दिलंय, आणि क्वामींच्या घरचं वचन म्हणजे दगडावरची रेघ.

शनिवार, ९ सप्टेंबर

अभ्यास सुरू. सतरा मॉनिटरांचा तक्ता केला. किंमत, आकार, उजेड, वजन, लोकांचे अभिप्राय.

हल्लीच्या वेबसाइट विचित्र झाल्या आहेत. एका पानावर जेमतेम चार शब्द मावतात. एक अभिप्राय वाचायला उजवीकडे सरकत सरकत पाऊण तास गेला. शेवटी कळलं, तो टोस्टरचा होता.

डोळे उत्तम. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तळ्यापलीकडच्या धक्क्यावरचे बगळे मोजले. तीन. मार्लिसने दुर्बिणीतून बघितलं. तीनच.

निश्चय: रोज दोन तास अभ्यास. ३० तारखेला निर्णय.

गुरुवार, १४ सप्टेंबर

एक शोध लागला. चांगल्या मॉनिटरमध्ये पीकिंग नावाची सोय असते. चित्रातला जो भाग फोकसमध्ये असेल त्याच्या कडांना आपोआप लाल रंग चढतो. म्हणजे डोळे ताणून बघायचं कामच नाही. लाल आलं की झालं. मला गरज नाही, पण असलेली बरी.

या वहीच्या समासात करड्या रेघोट्या दिसतात. कागदात कचरा. कंपनीला पत्र लिहिणार होतो. पत्ता मागच्या पुठ्ठ्यावर आहे, पण मुद्दाम बारीक छापलाय, तक्रारी येऊ नयेत म्हणून.

मंगळवार, १९ सप्टेंबर

शेजारी जूनमध्ये पिलेजी नावाचे गृहस्थ राहायला आलेत, न्यूजर्सीचे. नोकरीत असताना बातम्यांचे कॅमेरामन होते. आज कुंपणाशी भेटले. मॉनिटरचं कानावर गेलं होतं. म्हणाले, माझ्याकडे सात इंची आहे, उत्तम आहे, कपाटात पडलाय, घेऊन जा.

मी म्हटलं, छे छे, कशाला त्रास.

ते म्हणाले, ठीक आहे. आणि आत गेले.

मी कुंपणाशी दहा मिनिटं उभा होतो. बहुधा मॉनिटर आणायला गेले असतील असं वाटलं. मग त्यांच्या घरातून टीव्हीचा आवाज आला.

शनिवार, २३ सप्टेंबर

पिलेजींनी अजून दुसऱ्यांदा विचारलेलं नाही.

मिनेसोटात शेंबड्या पोरालाही कळतं. पहिल्यांदा विचारलं की नको म्हणायचं. दुसऱ्यांदा, नको हो, खरंच नको. तिसऱ्यांदा म्हणायचं, बरं, तुम्हाला अडचण नसेल तर. कॉफीचा कप असो, नाहीतर शेताची वाटणी. मार्लिसने मला लग्नाचंही तीनदा विचारलं होतं.

त्यांना संधी मिळावी म्हणून या आठवड्यात कचऱ्याचा डबा चार वेळा बाहेर ठेवून आत आणला. काल त्यांच्यासमोर सहज म्हटलं, मॉनिटर काय महाग झालेत हो. ते म्हणाले, हो ना.

या माणसाशी जपून राहायला हवं.

शनिवार, ३० सप्टेंबर. दुपारी ४

निर्णय झाला. सतराच्या सतरा बाद, सगळे महाग. शेतीच्या सामानाच्या दुकानात ट्रॅक्टरच्या मागचं बघायचा पडदा मिळाला. सात इंची, दणकट, एकोणपन्नास डॉलर. चिखल उडाला तरी चालतो. तज्ज्ञ लोक इंटरनेटवर तीन-तीनशे घालवतात. डोकं चालवलं की असं होतं.

मंगळवार, ३ ऑक्टोबर

सासूबाईंच्या स्वयंपाकघरात चाचणी. ट्रॅक्टरचा पडदा कॅमेऱ्याला जोडला, त्यांना बटाटा सोलत उभं केलं.

पडद्यावर पिवळ्या आणि लाल तिरक्या रेघा आपोआप येतात. चित्राची मांडणी नीट व्हावी म्हणून ही सोय असावी. सासूबाई पिवळ्या रेघेत उभ्या होत्या. लाल रेघेत आल्या की पडदा टीं टीं वाजायचा, म्हणून त्यांना थोडं उजवीकडे व्हायला सांगितलं. त्या डावीकडे सरकल्या. मी म्हटलं, अजून उजवीकडे. आणखी डावीकडे गेल्या. असं करत करत सामानाच्या खोलीत जाऊन उभ्या राहिल्या. तिथूनच त्यांनी विचारलं, आता बरं आहे का. तक्रार करायचा स्वभावच नाही बाईंचा.

शिवाय लक्षात आलं की त्या डावखुऱ्या आहेत. लग्नाला चौतीस वर्षं झाली, मला पत्ता नव्हता. घरी येताना मार्लिसला सांगितलं. तिने गाडी बाजूला घेतली आणि काही वेळ स्टिअरिंगवर डोकं टेकून बसली. आईचं वय झालं, तिला वाईट वाटणारच.

गुरुवार, ५ ऑक्टोबर

ट्रॅक्टरचा पडदा परत केला. तो आरशासारखं उलटं दाखवतो. दुकानदार म्हणाला, तसं खोक्यावर लिहिलंय. मी म्हटलं कुठे. त्याने बोट ठेवलं. मी खोका हात लांब करून धरला आणि हो म्हटलं. आमच्या घराण्यात सगळ्यांचे हात लांब, पण हल्ली तेही थोडे कमी पडतात.

सासूबाई उजव्या हाताच्याच आहेत.

शनिवार, १४ ऑक्टोबर. सकाळी ११

आला. कॅमेऱ्यासाठीच बनवलेला, सात इंची, पीकिंगसकट, एकशे एकोणतीस डॉलर.

चित्र बघून गहिवरलो. भडक नाही, बटबटीत नाही. एक दुधाळ मऊपणा आहे, जुन्या सिनेमात असायचा तसा. पडद्याच्या मधोमध पुसट अक्षरात काहीतरी छापलंय, कंपनीचं नाव असणार. कोपऱ्यात एक हिरवी शेपटी बाहेर आली आहे. अँटेना.

मार्लिसने त्या शेपटीला हात घातला. मी ओरडलो, नाजूक वस्तू आहे. तिने हात मागे घेतला. तोंड उघडलं, मिटलं आणि कपडे वाळत घालायला गेली.

बुधवार, २५ ऑक्टोबर

मॉनिटरसोबत आलेली केबल आखूड पडत होती, तो प्रश्न सुटला. पहिली मोठी निघाली. दुसरी प्रिंटरची निघाली. तिसरी मार्लिसने न विचारता मागवली, ती बसली. योगायोग.

समासातला कचरा वाढतोय. मधल्या पानांवर फारच आहे.

शनिवार, ४ नोव्हेंबर

हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. सगळं गाव जंगलात. दोनशे यार्डांवरचं हरण मला सगळ्यांच्या आधी दिसलं, कान हलवलेलाही दिसला. बंदुकीवरचा नेम धरायचा खिळा मात्र धूसर. हल्ली बंदुकाही नीट बनवत नाहीत. हरण चालत गेलं.

मेहुण्याने हळूच विचारलं, वर्लिन, डोळे दाखवलेस का कधी. मी म्हटलं, हरण कोणाला दिसलं आधी.  त्याच्याशी आता ईस्टरपर्यंत बोलणार नाही. त्याला ते कळणारही नाही, कारण एरवीही आम्ही बोलत नाही.

रविवार, १२ नोव्हेंबर

पीकिंगचा सराव. सगळंच लाल होतं. भिंत लाल, बटाटे लाल, मार्लिस लाल. याचा अर्थ सगळंच फोकसमध्ये आहे. असा मॉनिटर दीडशेच्या आत मिळवणारा माणूस या राज्यात दुसरा नसेल.

मार्लिसने विचारलं, शूटिंग सुरू झालं की बंद आहे ते कसं कळतं. मी म्हटलं, पडद्यावर लाल ठिपका येतो. ती म्हणाली, एवढ्या लालमध्ये ठिपका दिसतो का. असले प्रश्न विचारायचे नसतात. मी बटण दाबतो, तेव्हा मला माहीत असतं.

ती म्हणाली, फोन जवळ ठेवू का, अडीअडचणीला. मी म्हटलं, ठेव, पण काढायचा नाही. विश्वास म्हणजे विश्वास.

शुक्रवार, १७ नोव्हेंबर

उद्याची योजना.
७.४० निघणे.
८.०० चर्च. कॅमेरा लावणे.
८.३० पहिली लेफ्से. शूट.
मधे मधे बंद, म्हणजे बॅटरी वाचेल आणि बायकांच्या गप्पा येणार नाहीत.
१२.०० समाप्त. टाळ्या.

शनिवार, १८ नोव्हेंबर. दुपारी ३

यशस्वी. तपशील लिहून ठेवतो.

७.४०. गाडीत बसल्यावर कॅमेऱ्याचं लाल बटण एकदा दाबून बघितलं. बटण छान दाबलं जातं.

८.०५. तळघर. बारा बायका, सहा तवे, बटाट्यांचा डोंगर, कॉफीचा पिंप. सासूबाईंनी मधलं टेबल घेतलं होतं. नवा एप्रन, केस सेट केलेले. कॅमेऱ्यासाठी. बाईंनी आयुष्यात स्वतःचा फोटो मागितलेला नाही. आज त्या मला हळूच म्हणाल्या, "हात नीट दिसतील ना रे वर्लिन? तोंड नाही दिसलं तरी चालेल." मी म्हटलं, हातावरच्या शिरासुद्धा दिसतील.

८.३०. त्यांनी पहिला उंडा घेतला. मी बटण दाबलं. शूटिंग सुरू.

कॅमेऱ्यासमोर त्या एक शब्द बोलल्या नाहीत, लाजल्या. खाचांच्या लाटण्याने लाटत राहिल्या, लांब लाकडी पट्टीने उचलून तव्यावर टाकत राहिल्या. मी पुन्हा बटण दाबून कॅमेरा बंद केला, खांद्याला लटकवला आणि कॉफीला गेलो. पाठ फिरली की त्या लगेच मार्लिसशी बोलायला लागायच्या. परत येऊन बटण दाबलं की गप्प. असं सकाळभर चाललं.

१०.१५. त्यांनी तव्यावरून काढलेली एक लेफ्से वर्तमानपत्रावर पसरली, कागद उचलून माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, "वाच."

मी बघितलं. आधी मॉनिटरमधून, मग नुसत्या डोळ्यांनी. मी प्रामाणिक माणूस आहे.

"नाही, आई. नाही वाचता येत."

त्या म्हणाल्या, "असं होय."  लेफ्सेची घडी घातली, बाजूला ठेवली. मार्लिस घाईघाईने म्हणाली, आई, मला येतंय वाचता. त्या म्हणाल्या, राहू दे गं, मन राखू नकोस. मग त्यांनी पुढची लाटली, पुन्हा लाटली, तिसऱ्यांदा लाटली. मधेच डाव्या हाताने खांदा दाबून उभ्या राहायच्या. बाकीच्या बायका आपापल्या तव्याकडे बघत होत्या. आमच्याकडे असं काही झालं की सगळे तव्याकडेच बघतात.

मार्लिसने माझ्याकडे पाहिलं. तसं तिने साखरेच्या सॅलडच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. खरं सांगितलं यात माझं काय चुकलं ते कळलं नाही.

११.००. पिलेजी लेफ्से विकत घ्यायला आले. सासूबाईंनी म्हटलं, एक खाऊन बघा. ते म्हणाले, हो, द्या की. पहिल्याच विचारण्याला. तळघर गार पडलं. त्यांना पत्ताच नाही. खाता खाता माझ्या मॉनिटरकडे बोट करून त्यांनी विचारलं, ते काढायचं नाही का. ऊन अडवायला वर जी झडप असते तिच्याबद्दल म्हणत असणार. मी म्हटलं, नाही, ते असू दे. ते म्हणाले, ठीक आहे. यांचं सगळंच एका नकारावर संपतं.

१२.१०. समाप्त. टाळ्या झाल्या नाहीत.

रविवार, १९ नोव्हेंबर

चर्चहून आल्यावर बैठकीत मोठ्या टीव्हीवर सगळं लावलं. मार्लिस वही-पेन्सिल घेऊन बसली. टीव्ही लांब असल्यामुळे चित्र मला लख्ख दिसत होतं. हे नोंदवून ठेवतो, कारण पुढे जे आलं ते चुकीचं दिसलं असं म्हणायला जागा नाही.

पहिली वीस मिनिटं: गाडीची सीट. मग चर्चचा जिना, तळघराचं छत, सासूबाई उंडा हातात घेताना. तिथे खट्, बंद.

पुढचं: माझे बूट. कॉफीच्या पिंपासमोर. मग माझे बूट, बिस्किटांच्या टेबलासमोर. सगळं उलटं झालं होतं. गाडीत दाबलेलं बटण मी पुन्हा दाबून बंद केलंच नव्हतं. जेव्हा सुरू केलं असं वाटलं तेव्हा बंद होत होतं, आणि बंद केलं तेव्हा सुरू. सबंध दिवसात लाटणं एकदाही पिठाला लागताना दिसत नाही. शेवटच्या लेफ्से कुठेच नाहीत.

बुटांचा फोकस चोख आहे. लेसचा धागान् धागा दिसतो.

मी बंद करायला उठलो. मार्लिस म्हणाली, थांब. आवाज ऐक.

मागून सासूबाईंचा आवाज येत होता. कॅमेरा बंद आहे असं समजून त्या सगळं बोलल्या होत्या. बटाटे आदल्या दिवशी उकडायचे, गार होईपर्यंत झाकायचे नाहीत. लोणी गरम असतानाच घालायचं. पीठ किती, तर उंडा कानाच्या पाळीइतका मऊ लागला की थांबायचं. लाटणं दाबायचं नाही, नुसतं फिरवायचं. मार्लिस भराभर लिहीत होती. चाळीस वर्षांत मिळालं नाही ते माझ्या बुटांवर बोललेलं होतं.

मला बरं वाटायला लागलं. म्हणणारच होतो की योजना तशी फसली नाही. तेवढ्यात सव्वादहानंतरचा तुकडा आला. बूट, फरशी, पिठाचे पांढरे ठिपके. आणि त्यांचा आवाज:

"त्याला वाचता आलं नाही गं. साठ वर्षं लाटतेय, आणि शेवटची जाड झाली. हात गेला माझा."

मग मार्लिस, हळू आवाजात: "आई, तसं नाहीये. वर्लिनला ना—"

आणि त्यावर माझा आवाज, खणखणीत: "गप्प सगळे, शूटिंग सुरू."

खट्.

मार्लिसने रिमोट घेतला आणि टीव्ही बंद केला.  मी गॅरेजमध्ये जाऊन बसलो.

सोमवार, २० नोव्हेंबर

मला लाज वाटते आहे. एवढंच.

बुधवार, २२ नोव्हेंबर

मार्लिसने आईला फोनवर समजावून बघितलं की लेफ्से पातळच होत्या. त्या म्हणाल्या, तू मुलगी आहेस, तू असंच म्हणणार. वर्लिन खोटं बोलत नाही.

मला तो शब्द सुचतोय. पण अजून विचार करतो आहे. कदाचित त्या दिवशी वर्तमानपत्राचीच छपाई खराब असेल.

गुरुवार, २३ नोव्हेंबर. थँक्सगिव्हिंग. संध्याकाळी ६

सासूबाई दुपारी एकला आल्या. हातात दुकानातलं लेफ्सेचं पाकीट. प्लॅस्टिकमधलं. मार्लिसने ते बघितलं आणि तिच्या हातातला चमचा खाली पडला. सासूबाई म्हणाल्या, "माझ्या जाड झाल्यात. सणाच्या दिवशी लोकांना कशाला."

मेहुणा खिडकीबाहेर बघायला लागला. मेहुणी भाजीचं भांडं पुसायला लागली, ते स्वच्छच होतं. मी कोट घातला. मार्लिसने विचारलं कुठे. म्हटलं, पेट्रोल पंपावर.

पंपावर काउंटरजवळ गोल फिरणारा स्टँड असतो. एकच उरला होता. गुलाबी काड्या, बाजूला फुलपाखरू. सोळा डॉलर. काउंटरवरच्या पोरीने विचारलं, पिशवी हवी का. मी म्हटलं, नको, घालूनच जातो. बाहेर आलो आणि पंपाच्या यंत्रावरची सगळी बारीक अक्षरं एकदम अंगावर आली. तिथे उभं राहून मी ती सगळी वाचली. शिसं नसलेलं. धूम्रपान करू नये.

घरी येऊन फ्रीझरमधून शनिवारच्या लेफ्सेंचं टॉवेलमध्ये गुंडाळलेलं पुडकं काढलं. सगळ्यात खालची घेतली, तीच असणार, कडा दुमडलेली, घडी घालून बाजूला ठेवलेली. टर्की गार होत होती. टेबलावर आजची पुरवणी पसरली, त्यावर ती लेफ्से, आणि फुलपाखरू नाकावर ठेवून मोठ्याने वाचलं:

"हिवाळी टायर. चार घेतल्यास बसवणं फुकट."

 सासूबाई उठल्या, माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, मोठी अक्षरं कोणीही वाचेल. बारीक वाच.

मी बारीक वाचलं. सवलत फक्त ठरावीक मापांना लागू. इतर सवलतींबरोबर मिळणार नाही. जुन्या टायरची विल्हेवाट वेगळी. दुकान रविवारी बंद. तारीख वाचली, अटी वाचल्या, तळाचा फोन नंबर वाचला. 

"शनिवारी दिसत नव्हतं मला, आई. तुमच्या लेफ्सेत काही खोट नव्हती. खोट माझ्या डोळ्यांत होती. आणि मला ती सांगायची नव्हती."

त्या लेफ्सेवर वाकल्या. मग बोटाने कड चाचपली, सवयीने.

"मग जाड नाहीये म्हणजे," त्या म्हणाल्या.

"नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. "फुलपाखरू शोभतंय तुला." आणि बसल्या. दुकानातलं पाकीट पिलेजींना नेऊन द्यायला सांगितलं. त्यांनी एका विचारण्यात घेतलं.

सगळ्यांनी खऱ्या लेफ्से लोणी-साखर लावून खाल्ल्या. सासूबाईंनी तिसऱ्यांदा विचारल्यावर मी चौथी घेतली.

शुक्रवार, २४ नोव्हेंबर. सकाळी ८

मॉनिटर काढला. मधोमध छापलेलं कंपनीचं नाव वाचलं: वापरण्यापूर्वी ही फिल्म काढून टाका. हिरवी शेपटी ओढली. चर्र करून सगळा दुधाळ मऊपणा निघून आला. खाली काचेसारखं स्वच्छ चित्र, उजवीकडे वर लाल ठिपका, त्याखाली स्पष्ट लिहिलेलं, रेकॉर्डिंग सुरू किंवा बंद.

मग ही वही उघडली. विचार केला, दोन-अडीच महिन्यांत काय लिहिलं ते एकदा बघावं.

समासातला कचरा कचरा नव्हता. ते अक्षर होतं. पेन्सिलचं, बारीक, नीटनेटकं, मार्लिसचं. वचन बोलायचं नाही असं होतं. ती बोलली नव्हती.

६ सप्टेंबर: चष्मा.
९ सप्टेंबर: बगळे तीन होते. प्रश्न लांबचा नाही, जवळचा आहे. चष्मा.
१९ सप्टेंबर: पिलेजींकडे जाऊन सरळ माग.
३ ऑक्टोबर: आई डावखुरी नाही. चष्मा.
१४ ऑक्टोबर: पडद्यावरचं प्लॅस्टिक काढ. ही अँटेना नाही.
२५ ऑक्टोबर: समासातला कचरा मी आहे.
१७ नोव्हेंबर: बटण दाबलंस की मला विचार, सुरू आहे का.
२० नोव्हेंबर: मलाही लाज वाटते. मी तेव्हाच बोलायला हवं होतं, वचन गेलं खड्ड्यात.

कालच्या नोंदीच्या समासात काही नव्हतं. फक्त एका जागी कागद ओला होऊन वाळल्यासारखा सुरकुतला होता.

पान उलटलं. आजचं पान मी लिहायच्या आधीच तिने वापरलं होतं. मधोमध, या वेळी मार्करने, मोठ्या अक्षरात:

"वाचता येतंय ना आता? मग ऐक. दुपारी मी लाटणार आहे, आई खुर्चीत बसून सांगणार आहे. तू फोनवर घे."

फोन चार्जिंगला लावला आहे.